तोडफोडताईच्या घरची खेळणी

खेळणी मोडायची नोकरी असते, हे लग्नाआधी तिच्या नवऱ्यालाही खरं वाटलं नव्हतं. पण तशी नोकरी होती आणि ती करणारी बाई त्यात चांगली पटाईत होती. खेळणी बाजारात जाण्याआधी जिथे तपासली जातात अशा एका प्रयोगशाळेत ती अकरा वर्षं काम करत होती. अस्वलाचा डोळा यंत्राच्या चिमट्यात धरून ओढायचा, खुळखुळा ठरलेल्या उंचीवरून फरशीवर टाकायचा, गाडीची चाकं पिळायची, आणि जे काही तुटून हातात येईल ते एका छोट्याशा धातूच्या नळीत टाकून बघायचं. नळी लहान मुलाच्या घशाच्या मापाची. तुकडा नळीत पूर्ण मावला की खेळणं नापास. कामावर सगळे तिला तोडफोडताई म्हणत. पुढे पुढे त्यातली तोडफोड गळली आणि नुसतं ताई उरलं.

लग्नानंतर आठ वर्षांनी ताईला मुलगी झाली आणि कामावरची सवय तिच्याबरोबर घरी आली.

नणंदेने मोठ्या हौसेने चाकांचं लाकडी बदक आणलं. ताईने चहा ठेवता ठेवता त्याचं एक चाक पिळलं, तिसऱ्या पिळ्याला ते निघून हातात आलं, आणि तिने ते नणंदेलाच दाखवलं. नणंद पुढे दोन महिने फोनवर फक्त आपल्या भावाशी बोलत होती. शेजारच्या आजींनी दिलेल्या अस्वलाचा डोळा निघाला. नवऱ्याच्या मित्रांनी वर्गणी काढून आणलेल्या ढोलकीचा कातड्याखालचा खिळा वर आलेला सापडला. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. तो एकदा वैतागून म्हणाला, "अगं, मीही रोज दोर तपासतो. म्हणून काय लोकांना जिन्यानेच जा म्हणून सांगतो का?"

"लिफ्ट कोणी तोंडात घालत नाही," ताई म्हणाली.

घरात शेवटी दोनच वस्तू पास झाल्या. एक सिलिकॉनची जाड रिंग आणि एक कडा शिवलेलं मऊ फडकं. मुलगी गुटगुटीत होती, शांत होती, ठेवली तिथे बसायची. ताईच्या मांडीवर बसून समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बघत राहायची. म्हणून तिचं नाव पडलं गठुडी.

गठुडी सहा महिन्यांची झाली तशी ताई कामावर परत गेली. दिवसभर सासूबाई सांभाळत. ताई जाताना रोज न चुकता सांगायची, "आई, तिच्या हातात काही देऊ नका हं." आणि सासूबाई रोज न चुकता म्हणायच्या, "नाही गं बाई, नाही देत."

नवव्या महिन्यात लसीसाठी दवाखान्यात नेलं, तिथे खरी गोष्ट सुरू झाली.

नर्सबाई पन्नाशीच्या होत्या, बोलायला साध्या, आणि त्यांच्या टेबलाच्या खणात एक पिवळा लाकडी ठोकळा होता. तो त्यांनी गठुडीच्या पुढे धरला. गठुडीने ठोकळ्याकडे पाहिलं, नर्सबाईंकडे पाहिलं, आणि वळून आईच्या खांद्यात तोंड खुपसलं. पुन्हा दिला तेव्हा तिने तो धरला, पण लगेच सोडून दिला. ठोकळा टेबलाखाली गेला. गठुडीने तो कुठे गेला हेही पाहिलं नाही.

"घरी काय काय खेळते?" नर्सबाईंनी विचारलं.

"एक रिंग आहे. आणि फडकं आहे एक."

"आणखी?"

"बस, एवढंच."

नर्सबाईंनी मान वर केली. "रांगते?"

"नाही."

"पोटावर सरकते?"

"मी तरी पाहिलं नाही."

"बारीकसारीक काही दोन बोटांनी उचलते का?"

"उचलायला तसं काही…" ताईने वाक्य अर्ध्यावर सोडलं. काय बोलतोय ते तिचं तिलाच ऐकू आलं.

नर्सबाईंनी कार्डावर काहीतरी लिहिलं. "घाबरू नका. नवीन माणसाला बुजतात मुलं, मांडीवर तर फारच. पण एकदा आमच्या फिजिओथेरपिस्ट मॅडमना दाखवा. दहा दिवसांनंतरची वेळ मिळतेय. स्नायूंत काही कमीजास्त असेल तर लवकर कळलेलं बरं. आणि तोवर तिच्या हाताला काहीतरी काम द्या. धरायला, आपटायला, एका हातातून दुसऱ्या हातात घ्यायला."

"स्नायूंत काही कमीजास्त" एवढे तीनच शब्द ताई घरी घेऊन आली. नवऱ्याला सांगताना तिचा आवाज चिरकला. तो म्हणाला, "दहा दिवस आहेत ना? तोवर चांगली खेळणी घेऊ." सासूबाई काहीतरी बोलायला पुढे आल्या, थबकल्या, आणि पाण्याचा पेला घेऊन आत गेल्या. ताईच्या ते लक्षातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर ती खेळण्यांच्या दुकानात गेली. दुकानदार तिला ओळखत होता. "काय ताई, आज तपासायला की घ्यायला?"

"घ्यायला."

त्याला इतका आनंद झाला की त्याने अर्धं कपाट खाली काढलं. एकावर एक घालायच्या रंगीत चकत्या, भोकांतून ठोकळे टाकायचा डबा, दोरीने ओढायचं गोगलगाईसारखं काहीतरी, उभं राहून ढकलायची गाडी. प्रत्येक खोक्यावर एक हसरं बाळ आणि 'बुद्धीचा विकास' असली मोठमोठी अक्षरं. ताईने चकती उचलली आणि तिचा अंगठा आपोआप कडेवरून फिरला. डब्याच्या झाकणाची बिजागरी तिने दोनदा उघडमीट केली. दोरी तिने वितीने मोजली, ती गळ्याभोवती बसेल एवढी लांब निघाली.

दुकानदाराने ती दोरी तिच्या हातातून काढून घेतली. शेवटी तो म्हणाला, "ताई, हे सगळं राहू द्या. तिला काय करायचंय ते सांगा. धरायचंय, ढकलायचंय, टाकायचंय, की धरून उभं राहायचंय? त्याप्रमाणे देतो."

ताईने हातातली चकती खाली ठेवली. कुठलं खेळणं कुठे मोडतं हे ती डोळे मिटून सांगू शकली असती. पण मूल त्याचं काय करतं हे तिने अकरा वर्षांत कधी पाहिलंच नव्हतं. प्रयोगशाळेत मुलं नव्हती, आणि घरात खेळणी नव्हती. ती "उद्या येते" म्हणाली आणि रिकाम्या हाताने बाहेर पडली. बसच्या रांगेत उभी असताना तिचे डोळे भरून आले. लेकीला इजा होऊ नये म्हणून जपता जपता आपणच तिला अधू करून ठेवलं, हा विचार डोक्यातून जाईना.

पुढचे सहा दिवस तिने कसेबसे काढले. ती रोज घरी येऊन गठुडीला मांडीवर घ्यायची, तिच्या मुठी उघडायची, बोटं मोजल्यासारखी एकेक दाबून बघायची. गठुडी मान वाकडी करून आईचा हा उद्योग बघत राहायची. अवेळी आलेल्या डॉक्टरकडे बघावं तशी.

सातव्या दिवशी प्रयोगशाळेतली ओढायची यंत्रं तपासायला बाहेरून माणसं आली आणि दुपारीच सगळ्यांना सुट्टी मिळाली. ताई दोन वाजता घरी पोचली. किल्ली लावणार तोच आतून आवाज आला. ठण्ण. मग पुन्हा ठण्ण. मग सासूबाईंचं खळखळून हसणं. सासूबाई अशा हसतात हेही ताईला ठाऊक नव्हतं.

तिने किल्ली फिरवून दार हळूच ढकललं.

बैठकीच्या खोलीत मधोमध जाड चादर अंथरलेली होती. सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या, पाय समोरच्या पाटावर. आणि खाली गठुडी. एका हातात स्टीलची वाटी, दुसऱ्या हातात लाकडी डाव. तिने डाव वाटीवर हाणला. ठण्ण. मग वाटी खाली टाकली, डाव या हातातून त्या हातात घेतला आणि पोटावर पालथी पडली. कोपर रोवत, एक पाय फरफटत, जखमी सैनिकासारखी ती चादर ओलांडून गेली. तिथे कपडे वाळत घालायचा एक चिमटा पडला होता. अंगठा आणि पहिलं बोट जुळवून तिने तो अलगद उचलला, वळून आजीला दाखवला, आणि तोंडात घातला.

"नको!" ताई ओरडली.

तिने धावत जाऊन चिमटा काढून घेतला. गठुडी क्षणभर अवाक झाली आणि मग तिने असा काही सूर लावला की खालच्या मजल्यावरच्यांनी वर बघितलं असेल. सासूबाई उठायला गेल्या, पण गुडघ्याने साथ दिली नाही आणि त्या पुन्हा खुर्चीत बसल्या.

"आई, रोज सांगून जाते मी! रोज! आणि तुम्ही रोज 'नाही देत' म्हणता!"

"हो, म्हणते."

"मग हे काय?"

"हे माझे गुडघे आहेत," सासूबाई म्हणाल्या. त्यांचाही आवाज आता चढला होता. "तू घरी असलीस की ती तुझ्या मांडीवर असते. मला नऊ किलोचं पोर दिवसभर उचलवत नाही. पहिले आठ दिवस उचललं. नवव्या दिवशी खाली ठेवलं. खाली ठेवलं की ती रडायची. मग दिली एक वाटी हातात. गप्प झाली. पुढे महिन्याभराने एकदा वाटी लांब ठेवली, तर ती गेली तिच्यामागे. मी काय करणार? थांब म्हणू तिला?"

"गेली? कधी गेली?"

"दीड महिना झाला असेल."

ताई ओरडायची थांबली. गठुडीही थांबली, कारण तिला चादरीच्या कडेला दुसरी वाटी दिसली होती. दोघी मोठ्या माणसांच्या मधून ती पोटावर सरकत निघाली.

"दवाखान्यातून आले त्या दिवशी का नाही सांगितलंत?" ताईने विचारलं. आता तिचा आवाज अगदीच लहान झाला होता.

"सांगायला आले होते. पण तू इतकी रडवेली होतीस. आणि सांगितलं असतं तर हे सगळं बंद केलं असतंस. मग ती दिवसभर माझ्या मांडीवर आणि मी पलंगावर." सासूबाई थोड्या थांबल्या. "चुकलंच माझं. आठ दिवस मलाही झोप नाही."

ताई होती तिथेच फरशीवर बसली, खांद्याला पर्स तशीच. राग होता. आपल्या लेकीचं पहिलं सरकणं आपण पाहिलं नाही याचं वाईटही वाटत होतं. पण त्या दोन्हींच्या खालून दुसरंच काहीतरी उसळून वर येत होतं, आणि ते आवरेना. हात चालतात. दोन्ही चालतात. पाय चालतो. दुसरा जरा आळशी आहे, पण तोही चालतो. ती हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली. सासूबाई घाबरून म्हणाल्या, "अगं, पाणी आणू का? पण मला आधी उठवावं लागेल." त्यावर दोघींनाही हसू फुटलं.

"जीव भांड्यात पडला," ताई डोळे पुसत म्हणाली. समोर गठुडी वाटीत तोंड घालून बघत होती. त्या वाटीकडे बघून सासूबाईंना पुन्हा हसू आलं.

मग त्यांनी कपडे धुवायच्या यंत्रामागे लपवलेली टोपली दाखवली. तीन वाट्या, लाकडी डाव, पडद्याच्या मोठ्या लाकडी कड्या, रिकामा प्लास्टिकचा डबा, चार चिमटे, मोज्यांचा बांधलेला चेंडू. ताईने एकेक वस्तू हातात घेतली. समाधान झालं होतं, पण सवय कुठे जाणार? दुसऱ्या दिवशी ती टोपली घेऊन कामावर गेली.

तिच्या टेबलाशेजारी काम करणारे नाना निवृत्तीला आले होते. टोपली बघून ते म्हणाले, "ताई, हा कुठला कारखाना?"

"घरचाच. जेवणाच्या सुट्टीत यंत्र मिळेल का?"

नानांनी जेवणाचा डबा बाजूला ठेवला आणि चष्मा लावला. दोघांनी सगळी टोपली रीतसर तपासली. वाट्या फरशीवर टाकल्या, तेव्हा सगळी इमारत दणाणली आणि वरच्या मजल्यावरून कोणीतरी फोन केला. एका वाटीची कड बोटाला लागत होती. नापास. डावाला बारीक चीर होती. नापास. चिमट्यावर जोर दिला तशी त्याची स्प्रिंग टणकन उडाली आणि नानांच्या डब्यात पडली. सुटलेला तुकडा नळीत टाकला, तो पूर्ण आत गेला. ताईने तो बाहेर काढून तळहातावर ठेवला. "हा तिच्या तोंडात होता," ती म्हणाली.

"होता. आता नाही," नाना म्हणाले. "बाकीचं बघ."

कड्या सगळ्या पास झाल्या. प्लास्टिकचा डबा पास. मोज्यांचा चेंडू ओढून ओढून लांब झाला, पण सुटला नाही. नाना त्याच्याकडे कौतुकाने बघत म्हणाले, "तुझ्या सासूबाईंना इथे नोकरी देऊ या."

ठरल्या दिवशी तिघी फिजिओथेरपिस्ट मॅडमकडे गेल्या. खोलीत निळी गादी, भिंतीला खालपर्यंत आरसा, एक भला मोठा चेंडू. गठुडी नेहमीसारखी आईच्या मांडीवर गठुडं होऊन बसली आणि मॅडमच्या हातातल्या खुळखुळ्याकडे ढुंकूनही बघेना. घरी पाहिलं ते खरं होतं ना, असं ताईला वाटून गेलं.

"तिला खाली ठेवा," मॅडम म्हणाल्या, "आणि तुम्ही जरा मागे सरका. आणखी थोडं. हं."

ताई भिंतीला टेकली. गठुडीने ओठ काढला. तेवढ्यात सासूबाईंनी पिशवीतून एक वाटी काढली आणि तिच्यात लाकडी कडी टाकली. ठण्ण. गठुडीची मान गर्रकन फिरली. ओठ आत गेला. ती पुढे झुकली, पालथी झाली आणि आपली ती सैनिकी चाल करत गादी ओलांडून गेली. वाटीत हात घालून कडी काढली, दुसऱ्या हातात घेतली, पुन्हा वाटीत टाकली. मॅडम गुडघ्यांवर बसून बघत होत्या. मग त्यांनी तिचे पाय हातात घेऊन वाकवले, कमरेला धरून उभं केलं, एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळवलं.

"उत्तम आहे," मॅडम म्हणाल्या. "हात छान, पाय छान. डावा पाय ओढते ती सवय आहे, जोर दोन्हींत सारखा आहे. रांगायला लागली की जाईल, नाही गेली तर दाखवा. नर्सबाईंनी पाठवलं ते बरोबरच केलं, मांडीवर हिचं काहीच कळत नाही."

"म्हणजे काही नाही?" ताईने विचारलं.

"काही नाही."

"नक्की?"

"अहो, नक्की. घरी काय खेळते?"

ताईने या वेळी टोपलीच पुढे केली. मॅडमनी आत डोकावून बघितलं. "वा. यात घालायचं-काढायचं आहे, आपटायचं आहे. आता दोन गोष्टी वाढवा. सावकाश घरंगळणारा मऊ चेंडू, म्हणजे ती त्याच्यामागे जाईल. आणि धरून उभं राहायला काहीतरी जड, न हलणारं. त्यासाठी विकत काही घेऊ नका, घरातलं बुटकं टेबल चालेल, कोपऱ्यांना कापड बांधा. आत बसवून फिरवायचा वॉकर मात्र आणू नका, कोणी दिला तरी." त्यांनी ताईकडे बघितलं. "आणि सगळं एकदम समोर ओतू नका. दोन ठेवा, बाकीची आत. हाताच्या अंतरापेक्षा वीतभर लांब."

बाहेर आल्यावर ताईने पायरीवरच नवऱ्याला फोन लावला. तो कुठल्याशा इमारतीत दोन मजल्यांच्या मध्ये होता, आवाज तुटत होता. "सगळं ठीक आहे!" ताईने तीनदा ओरडून सांगितलं. तिसऱ्यांदा त्याला ऐकू गेलं. मग तो म्हणाला, "थांब जरा, डोळ्यात ग्रीस गेलंय."

येताना दुकान लागलं. दुकानदाराला तिने या वेळी नेमकं सांगितलं. सावकाश घरंगळणारा, मऊ, गठुडीच्या डोक्याएवढा. त्याने तीन चेंडू काढले. ताईने तिन्ही दाबले, ओढले, शिवणीवर नख फिरवलं. मग तिने ते खाली ठेवले आणि गठुडीलाही खाली ठेवलं. गठुडीने हिरव्याला धक्का दिला. तो दोन फूट गेला आणि थांबला. ती त्याच्याकडे जायला निघाली. "हा द्या," ताई म्हणाली.

रविवारी सकाळी बैठकीतल्या चादरीवर ताई लेकीसमोर मांडी घालून बसली होती. चेंडू घरंगळत पलंगाखाली गेला. त्याच्यामागे गठुडीही गेली. थोड्या वेळाने आतून कण्हल्यासारखा आवाज आला. तिला पुढे जाता येत होतं, पण मागे कसं यायचं ते कळत नव्हतं. ताई पटकन उठायला गेली.

"थांब," खुर्चीतून सासूबाई म्हणाल्या. "लागलेलं नाही तिला. चिडलीय नुसती."

ताई बसल्या जागीच वाकून बघत राहिली. आत अंधारात दोन तळवे दिसत होते. एक तळवा मागे सरकला. मग दुसरा. ताईने दोन्ही हात आपल्याच मांडीखाली दाबून धरले. गठुडी कण्हत, थांबत, इंच इंच मागे येत होती, आणि तेवढ्या वेळात ताईला तिच्यासाठी काहीही करावं लागलं नाही. शेवटी फ्रॉक वर गोळा झालेली, केसांत जळमटं अडकलेली ती उलटी बाहेर आली, वळली, आणि आईला बघून खुदकन हसली.

ताईने तिच्या केसांतलं जळमट काढलं.

"पलंगाखाली झाडायला झालंय," सासूबाई म्हणाल्या.